वांकडी जीभ आणि सरळ बोलणें

वैद्याच्या घरीं गेलेला रोगी आपल्या दुखण्याची हकीकत सांगूं लागण्यापूर्वींच पुष्कळदां वैद्य त्यास "जीभ दाखवा" असें म्हणतो. ही चाल आजची नव्हे. योगरत्नाकर या ग्रंथांत रोग्याच्या परीक्षेचीं जीं आठ अंगें सांगितलीं आहेत त्यांत नाडी, मूत्र आणि मल यांच्यामागून चौथें अंग जिव्हा हेंच असून, तिच्या पाठोपाठ पांचवें अंग शब्द, म्हणजे रोग्याचा आवाज, हें आहे. या दोन परीक्षा एकमेकींच्या शेजारीं बसाव्या यांत आम्हांस मोठें औचित्य वाटतें. एकाच इंद्रियाकडे वैद्य दोन रीतींनीं लक्ष देतो: तें कसें दिसतें हें तो डोळ्यांनीं पाहतो, आणि तें काय बोलतें हें कानांनीं ऐकतो. परंतु रोग्याच्या जिभेची अशी दुहेरी तपासणी होत असतां, रोग्याशीं बोलणाऱ्या वैद्याच्या व आप्तांच्या जिभेची तपासणी कोणीं करावयाची, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आमच्यापुढें तो केवळ तर्कानें उभा राहिलेला नाहीं. एका स्नेह्याच्या आजारानें तो आमच्या दारांत आणून उभा केला. त्यांत आमच्या हातून जें घडलें तें भूषणावह नाहीं, व म्हणूनच तें येथें मांडावें असें आम्हांस वाटतें.

आमचे हे स्नेही रत्नागिरींतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकविण्यांत सारें आयुष्य घालवून निवृत्त झालेले. उच्चाराविषयीं ते फार कडक असत. 'ळ' च्या जागीं 'ल' म्हणणाऱ्या मुलास ते शिक्षा करीत नसत, पण 'नारळ', 'फणसाची साल', 'उन्हाळा' असे शब्द त्याच्याकडून दहा वेळां म्हणवून घेतल्याशिवाय त्यास खालीं बसूं देत नसत. अशा या गृहस्थांस एके वर्षीं गणपति गेल्यावर थोड्याच दिवसांनीं, नातवास गोष्ट वाचून दाखवीत असतां, स्वतःचाच 'ळ' जड लागूं लागला. नातवानें हंसून "आजोबा, तुम्ही असें काय बोलतां?" असें विचारलें. त्यांनीं मग एकांतांत बसून सारी वर्णमाला म्हणून पाहिली. प, फ, ब, भ, म ठीक. कारण तीं अक्षरें ओठांचीं. क, ख, ग हींही बरीं. परंतु टवर्ग आणि 'ळ' यांच्यासाठीं जिभेचें टोंक उलटें वळवून टाळूस लावावें लागतें, तें जागेवर पोंचेना. जेवतांना भाताचीं शितें उजव्या गालांत अडकून राहूं लागलीं. शेवटीं वहिनींच्या दृष्टीस पडलें, कीं जीभ बाहेर काढली असतां ती सरळ न येतां उजवीकडे वळते.

आमच्याकडे अशा वेळीं शेजारीपाजारी एकच निदान करतात: अंगावरून वारें गेलें. दुर्दैवानें पहिल्या डॉक्टरांनींही तेंच केलें. रक्तदाब थोडा अधिक भरला, वय सत्तरीपलीकडे, तेव्हां हा लहानसा पक्षाघात, असें त्यांनीं पांच मिनिटांत ठरविलें व औषधें लिहून दिलीं. त्यांच्या हेतूस आम्ही दोष देत नाहीं. परंतु रोगास नांव देण्याची घाई ही निदानाची शत्रु आहे, हें आम्हांस पुढें कळून आलें. नांव मिळालें कीं रोग्याचें मन शांत होतें आणि वैद्याची जिज्ञासाही झोंपी जाते. "अजून मला ठाऊक नाहीं" हें वाक्य उच्चारण्यास वैद्यास जें धैर्य लागतें, तें शस्त्रक्रियेस लागणाऱ्या धैर्याहून कमी प्रतीचें नव्हे.

सुमारें दीड महिन्यानंतर, जीभ सुधारत नाहीं असें पाहून, मुलानें त्यांस एका तरुण डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं जी तपासणी केली ती आम्हीं जवळ बसून पाहिली. व ती इतकी साधी, पण इतकी विचारपूर्वक होती, कीं तिचें थोडें वर्णन केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्यांनीं जीभ बाहेर काढावयास सांगितलीच नाहीं. प्रथम तोंड उघडून जीभ आंतच स्वस्थ ठेवावयास सांगितलें आणि बत्तीच्या उजेडांत ती बराच वेळ न्याहाळली. बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते. तोंडांत विसावलेली जीभ थरथरली तरच त्यास अर्थ असतो, असें त्यांनीं आम्हांस मागाहून सांगितलें. गुरुजींच्या जिभेचा उजवा अर्धा भाग डाव्याहून बारीक व सुरकुतलेला दिसत होता, आणि त्याच्या कातडीखालीं बारीक किडे वळवळावे तशी हालचाल चालली होती. मग त्यांनीं जीभ बाहेर काढवून ती नाक व हनुवटी यांच्या रेषेशीं ताडून पाहिली. ओठाचा कोपरा बोटानें उचलून पुन्हां पाहिली, कारण तोंड वांकडें असलें तर सरळ जीभही वांकडी भासते. नंतर तीच जीभ आंतून गालावर दाबावयास सांगून बाहेरून बोटानें तिचा जोर अजमावला. उजव्या गालावर जोर होता. डाव्या गालावर तो मुळींच नव्हता.

येथें शरीररचनेची थोडी माहिती देणें अवश्य आहे. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत, आणि त्यांतील शेवटची, बारावी जोडी जिभेच्या हालचालीसाठीं आहे. इंग्रजी वैद्यकांत तिला हायपोग्लॉसल, म्हणजे जिभेखालची, असें नांव आहे. चव आणि स्पर्श यांचे तंतु निराळे. एक लहान स्नायु वगळला तर जिभेचे सर्व स्नायु या जोडीच्या ताब्यांत असतात. हा तंतु लंबमज्जेंतून निघतो, कवटीच्या तळाशीं असलेल्या स्वतःच्या एका छिद्रांतून बाहेर पडतो, गळ्यांतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारून खालीं उतरतो आणि जबड्याखालून वळून जिभेंत शिरतो. हनुवटीच्या आंतल्या बाजूनें निघून जिभेंत पसरणारे जे दोन मुख्य स्नायु आहेत, त्यांपैकीं प्रत्येक जण जिभेस पुढें आणि दुसऱ्या बाजूकडे ढकलतो. दोघांचा जोर सारखा असला म्हणजे जीभ सरळ येते. उजवा लुळा पडला कीं डावा एकटाच ढकलतो, आणि जीभ उजवीकडे जाते. म्हणजे आजारी बाजू जिभेस ओढीत नसते. निरोगी बाजूच तिला आजारी बाजूकडे लोटीत असते. ही गोष्ट ऐकली तेव्हां ती आम्हांस केवळ मौजेची वाटली. तिचा दुसरा अर्थ पुढें उमगला.

पक्षाघातांत बिघाड मेंदूंत असतो व तेव्हां जीभ अशी सुकत नाहीं. जीभ सुकली आणि थरथरूं लागली, तर बिघाड बहुधा खुद्द त्या तंतूच्या वाटेवर आहे असें समजावयाचें. पक्षाघाताचें निदान येथेंच ढांसळलें. मग डॉक्टरांनीं 'आ' म्हणवून पडजीभ पाहिली, आवाज ऐकला, पाणी गिळवून पाहिलें, खांदे उचलवून पाहिले. कारण नववा, दहावा व अकरावा हे तंतु बाराव्याचे अगदीं शेजारी असून पुष्कळदां सारे एकदम सांपडतात. ते सर्व शाबूत होते. एकटा बारावा तंतु एका बाजूस लुळा पडणें हा विरळा प्रकार होय. माधवनिदानांत वातव्याधींत जिव्हास्तंभ गणला आहे, पण त्यांत सारी जीभ जखडते. हा प्रकार त्याहून निराळा. लॉस एंजेलिस येथील डॉ. जेम्स कीन यांनीं १९९६ सालीं अशा १०० रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांत जवळजवळ निम्म्या रोग्यांत कारण गांठ हें होतें, आणि त्या गांठी बहुतेक दुष्ट जातीच्या होत्या. उरलेल्यांत आघात, शस्त्रक्रिया, जंतुविकार इत्यादि अनेक कारणें होतीं. कांहीं रोग्यांत कसलेंच कारण सांपडत नाहीं, आणि त्यांपैकीं कित्येक आपोआप बरेही होतात. म्हणजे एकाच वांकड्या जिभेच्या पोटीं अगदीं सौम्य आणि अगदीं भयंकर अशा दोन्ही शक्यता असतात.

अशा वेळीं तराजू कोणत्या बाजूस झुकावयाचा हें पुष्कळदां यंत्रावर अवलंबून नसून रोग्याच्या हकीकतीवर अवलंबून असतें. आपल्या मुंबईंतच याचें एक उत्तम उदाहरण घडलेलें आहे. १९७१ सालीं तेथें डोळे येण्याची मोठी सांथ आली होती. पुढें कांहीं रोगी पाय लुळे पडून रुग्णालयांत येऊं लागले. डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं त्या डोळ्यांच्या सांथीचा व या लुळेपणाचा संबंध ओळखला व १९७२ सालीं तो लॅन्सेट या नियतकालिकांतून जगापुढें मांडला. पायांच्या रोग्यास डोळ्यांविषयीं विचारण्याचें कोणास सुचावें? आणि बरे होऊन गेलेले डोळे पायांच्या तक्रारींत सांगावे, हें रोग्यास तरी कसें सुचावें? तात्पर्य, निदान हें दोघांच्या प्रामाणिक संभाषणांतून जन्मास येतें. वैद्यास योग्य प्रश्न सुचला पाहिजे, आणि तो प्रश्न कां विचारला जात आहे याची कल्पना रोग्यास असली पाहिजे.

आमच्या डॉक्टरांस योग्य प्रश्न सुचला होता. "डोकें किंवा मान दुखते काय?" असें त्यांनीं विचारलें. गुरुजींनीं "नाहीं" म्हणून सांगितलें. तपासणी संपल्यावर डॉक्टरांनीं मुलास व आम्हांस ओटीवर बोलावून, गांठीची शंका फेडून घेतली पाहिजे, कवटीच्या तळाचें एम्‌. आर्‌. आय्‌. चित्र काढावें, असें सांगितलें व तशी चिठ्ठी दिली. "त्यांस मी सांगूं, कीं तुम्ही सांगाल?" असेंही विचारलें. "आम्हीच सांगूं," असें आम्हीं म्हटलें, आणि सांगितलें नाहीं.

मुलगा घाबरून गेला होता. "काका, बाबांना हें कळलें तर ते अन्न सोडतील," असें तो म्हणाला. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. तेव्हां आम्हीं, आपण मोठे व्यवहारज्ञ आहों अशा समजुतीनें, एक युक्ति सुचविली. गुरुजींस हातीं आलेला प्रत्येक कागद वाचण्याची संवय. तेव्हां नव्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर नेऊंच नये, पहिल्या डॉक्टरांचा पक्षाघाताचा कागद दाखवून चित्र काढवून घ्यावें. त्याप्रमाणें आंबा घाट चढून दुसऱ्या शहरीं जाऊन चित्र काढण्यांत आलें. तेथील माणसांनीं जें विचारलें गेलें त्याचें उत्तर दिलें: मेंदूंत पक्षाघाताची खूण नाहीं. कवटीच्या तळाकडे बारकाईनें पाहावें असें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें. त्या तरुण डॉक्टरांकडे पुन्हां जाण्याचें टळलें. घरीं पेढे वांटले गेले, आणि ते आम्हींही खाल्ले.

त्यानंतर दोन महिने गेले. एके दिवशीं सायंकाळीं मांडवीच्या जेटीवर बसलों असतां गुरुजींनीं, शब्द जोडीत जोडीत, आम्हांस सरळ विचारलें, "माझ्यापासून काय लपवितां?" आम्हीं सारें सांगितलें. ते बराच वेळ समुद्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "माझ्या जिभेचें काय झालें हें माझ्यावांचून सर्वांस ठाऊक होतें. मला कोणी सांगितलें असतें, तर मानेचें मीही सांगितलें असतें." कानामागें, उजव्या बाजूस, मानेच्या मुळाशीं त्यांस चार महिन्यांपासून असह्य वेदना होत होत्या, मान वळवितांना त्या वाढत. रात्रीं ते उठून बसत. वहिनी घाबरतील म्हणून त्यांनीं तें कोणास सांगितलें नव्हतें, आणि डॉक्टरांचा प्रश्न नेहमींचा उपचार समजून त्यास "नाहीं" म्हटलें होतें. प्रत्येक जण दुसऱ्याच्या प्रेमानें गप्प, आणि त्या सगळ्या प्रेमाच्या आड रोग निर्वेध वाढत चाललेला, असा तो प्रकार होता.

दुसऱ्याच दिवशीं त्या तरुण डॉक्टरांस भेटलों. मानेची वेदना आणि त्याच बाजूची लुळी जीभ ही जोडी ऐकतांच त्यांचा चेहरा गंभीर झाला. कवटी पहिल्या मणक्यावर जेथें टेंकते त्या उंचवट्याच्या अगदीं जवळून बाराव्या तंतूचें छिद्र जातें; तेथील हाडांत दुसरीकडचा कर्करोग येऊन बसला म्हणजे नेमकीं हींच दोन लक्षणें एकत्र दिसतात. न्यूयॉर्क येथील वैद्यांनीं १९८१ सालीं कवटीच्या तळाशीं पसरलेल्या कर्करोगाच्या ४३ रोग्यांचा अभ्यास करून या जोडीस स्वतंत्र नांव दिलेलें आहे. मुंबईस नेऊन योग्य चित्र काढलें, तेव्हां तेंच निघालें. मूळ रोग प्रोस्टेट ग्रंथींत होता. किरणोपचारांनीं वेदना कांहीं आठवड्यांत पुष्कळ शमली. जीभ मात्र तशीच राहिली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रोग्यापासून सत्य लपविणें हें पाप कीं पुण्य? याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. आमच्याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणांत सत्याच्या अपवादांची सविस्तर चर्चा केली आहे. लपलेल्या माणसांचा ठाव चोरांस खरा सांगून नरकास गेलेल्या कौशिकाची महाभारतांतील कथा तेथें आहे, आणि आजाऱ्याशीं प्रसंगीं असत्य बोलण्यास हरकत न मानणाऱ्या सिज्विकसारख्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञाचें मतही तेथें विचारांत घेतलें आहे. तेव्हां ज्यांस आपलें मौन समर्थनीय ठरवावयाचें आहे त्यांस आधारांची वाण नाहीं. आम्हांसही नव्हती.

परंतु या आधारांस एक अट आहे, ती आपण सोयीनें विसरतों. खरें बोलल्यानें एखाद्याचा वध होणार असेल तर साक्षीदारानें खोटें बोलावें अशी मुभा मनूनें आठव्या अध्यायांत दिली आहे. पण लगेच पुढें, अशा साक्षीदारानें त्या पापाच्या निष्कृतीसाठीं वाणीची देवता जी सरस्वती तिला चरूची आहुति द्यावी असेंही सांगितलें आहे. म्हणजे क्षम्य असत्यही असत्यच. तें बोलणाऱ्यानें बोलून झाल्यावर पेढे खावयाचे नसून प्रायश्चित्त घ्यावयाचें असतें. शिवाय कौशिकाच्या कथेंत सत्य विचारणारे चोर होते, आणि ज्यांचें रहस्य होतें ते लपलेले लोक निराळे होते. आमच्या प्रसंगीं ज्याचें रहस्य होतें तोच तें विचारणारा होता. स्वतःच्या शरीराची वार्ता विचारणाऱ्या माणसास चोराच्या पंक्तीस बसविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

कायद्याकडे पाहिलें तरी मोठा आधार मिळत नाहीं. २००२ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें घालून दिलेल्या नियमांत, वैद्यानें दुखण्याचें गांभीर्य वाढवूंही नये व कमीही करूं नये, आणि रोगी, त्याचे आप्त किंवा जबाबदार स्नेही यांस आवश्यक ती माहिती असेल अशी काळजी घ्यावी, असा आशय आहे. या वाक्यांतील 'किंवा' हें अव्यय लहान आहे, पण त्या फटींतून सारें घर आंत शिरतें आणि रोगी एकटा बाहेर राहतो. आमच्या कुटुंबव्यवस्थेंत आजार हा घराचा असतो, ही गोष्ट चांगलीच आहे. रात्रीं उशाशीं बसावयास माणूस मिळतो तो त्यामुळेंच. परंतु आजार घराचा झाला तरी वेदना एकट्याची राहते, आणि मरणही.

कोणी म्हणेल, कांहीं रोग्यांस सत्य नकोच असतें. खरें आहे. तसा नकार देण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. पण तो त्यांचा अधिकार आहे, आमचा नव्हे, आणि तो त्यांनीं बजावावा यासाठीं त्यांस निदान एकदां तरी विचारलें पाहिजे: "तुम्हांस किती जाणून घ्यावयाचें आहे?" सत्य एकदम डोक्यावर ओतण्याची गरज नसते. 'शंका आहे', 'तपासावें लागेल', 'अजून ठाऊक नाहीं' हींही सत्येंच आहेत, आणि अर्ध्या निदानाच्या काळांत याहून मोठें सत्य कोणापाशींच नसतें. असें बोलून झाल्यावर रोग्यास एकटें सोडून उठून न जाणें, एवढें पथ्य मात्र सांगणारानें पाळलें पाहिजे.

आमच्या त्या युक्तीनें गुरुजींचें आयुष्य किती कमी झालें, असें आम्हीं डॉक्टरांस विचारलें. फारसें नसावें, असें ते म्हणाले. मग त्या दोन महिन्यांच्या रात्रींचें काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. त्यानंतर गुरुजी सुमारें दीड वर्ष जगले. त्यांनीं अन्न सोडलें नाहीं. कलमांच्या वांटणीवरून धाकट्या भावाशीं वीस वर्षें अबोला होता, त्याच्याकडे ते स्वतः गेले आणि आपल्या जड जिभेनें त्याच्याशीं बोलून तो तंटा मिटवून आले. हें काम त्यांच्यासाठीं दुसऱ्या कोणास करतां आलें नसतें, आणि सत्य कळलें नसतें तर त्यांनींही तें पुढच्या वर्षावर ढकललें असतें.

दुबळ्या बाजूकडे जिभेस लोटणारी बाजू बळकटच असते, असें जें त्या दिवशीं ऐकलें होतें, तें आम्हांस आतां वारंवार आठवतें. गुरुजींचा आजार आम्हीं निर्माण केला नव्हता. पण आम्ही धडधाकट होतों, आमचा जोर अधिक होता, आणि त्यांचें मत न विचारतां तो जोर आम्हीं लावला. त्यास आम्ही माया म्हणत होतों. मायाही ती होतीच. परंतु ज्याच्यावर माया करावयाची त्याचा जोर अजमावून मगच ती करावी, एवढें शहाणपण आम्हांस उशिरां आलें.